टोकियोतली सकाळ, मुंबईतली रात्र

‘परफेक्ट डेज’ संपल्यावर आईनं पहिला प्रश्न विचारला, “ह्याच्या घरात भांडी कुठायत?”

मी तो सिनेमा तिसऱ्यांदा बघत होतो. पहिल्या दोन्ही वेळी मी भारावून गेलो होतो. मित्रांच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहिले होते, फोनच्या वॉलपेपरवर झाडाच्या पानांमधून येणाऱ्या उन्हाचा फोटो लावला होता. पण टोकियोतल्या त्या छोट्या घरात भांडी नाहीत, हे मला दिसलं नव्हतं. आई बत्तीस वर्षं सरकारी रुग्णालयात नर्स होती. कुठल्याही खोलीत शिरल्यावर तिथली कामं कोण करतं, हे तिला आधी दिसतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही दोघांनी ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ पाहिला. तेव्हापासून हे दोन सिनेमे माझ्या डोक्यात एकमेकांशी भांडतायत. एक टोकियोचा, एक मुंबईचा. एकात शौचालयं साफ करणारा माणूस, दुसऱ्यात रुग्णालयात राबणाऱ्या तीन बायका. दोन्ही सिनेमांत फारसं काही ‘घडत’ नाही. माणसं कामाला जातात, परत येतात, झोपतात. रोजचं जगणं हाच दोन्हींचा विषय आहे. मग एक पाहून मला शांत का वाटलं आणि दुसरा पाहून रात्रभर झोप का लागली नाही?

हिरायामाचा दिवस

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकाचा ‘परफेक्ट डेज’ २०२३ चा. हिरायामा हा साठीच्या आसपासचा माणूस टोकियोच्या शिबुया भागातली सार्वजनिक शौचालयं साफ करतो. पहाटे गल्लीत कुणीतरी खराट्यानं झाडतंय, त्या आवाजानं त्याला जाग येते. तो अंथरुणाची घडी घालतो, मिशी कातरतो, छोट्या रोपांवर पाणी फवारतो. दारातून बाहेर पडताना आभाळाकडे बघून हसतो. समोरच्या व्हेंडिंग मशीनमधून कॉफीचा डबा घेतो, निळ्या व्हॅनमध्ये कॅसेट लावतो आणि कामाला जातो. दुपारी मंदिराच्या आवारात सँडविच, जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर झाडांचा एखादा फोटो. संध्याकाळी सार्वजनिक स्नानगृह, मग स्टेशनखालच्या टपरीवजा हॉटेलात जेवण, रात्री पुस्तक. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कोजी याकुशो या नटाला या भूमिकेसाठी कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला आणि तो शंभर टक्के त्याचा होता. संवाद इतके कमी आहेत की पहिल्या अर्ध्या तासात हा माणूस बोलू शकतो की नाही, अशी शंका यावी.

सिनेमाची ताकद पुनरावृत्तीत आहे. तीच सकाळ आपण अनेकदा बघतो आणि दर वेळी त्यात काहीतरी हललेलं असतं. कामाच्या दिवशी तो घड्याळ घालत नाही, सुट्टीच्या दिवशी घालतो. कमोडच्या खालची बाजू साफ झाली का, हे तो हातातल्या आरशानं तपासतो. एका शौचालयाच्या फटीत कुणीतरी फुली-गोळ्याचा कागद खोचून ठेवतं, तो त्यावर आपली खेळी लिहून परत ठेवतो. समोरचा खेळाडू कोण, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. एवढ्या मोठ्या शहरात अनोळखी माणसांमध्ये काय नातं असू शकतं, हे मी इतक्या थोडक्यात दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

मी डोंबिवलीत राहतो आणि ऐरोलीला कामाला जातो. म्हणजे आधी ठाणे, मग ट्रान्स-हार्बर. सिनेमा पहिल्यांदा पाहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हिरायामा व्हायचं ठरवलं. साडेपाचला उठलो, खिडकीतल्या तुळशीला पाणी घातलं, फोन बॅगेत टाकला आणि प्लॅटफॉर्मवर उभा राहून आभाळाकडे पाहिलं. मागून आवाज आला, “ओ भाऊ, चढायचंय की नाय?” हा प्रयोग चार दिवस टिकला.

तेव्हा वाटलं, कमी पडलो तो मी. आता वाटतं, प्रश्न माझ्या शिस्तीचा नव्हता.

मी पाहिलेलं टोकियो

२०२३ मध्ये आठ महिने मी टोकियोत होतो, क्लायंटच्या प्रोजेक्टसाठी. राहायला निशी-कासाईत. एडोगावा वॉर्डमधला हा भाग भारतीय इंजिनिअरांचा अड्डा आहे. वायटूकेच्या काळात, म्हणजे २००० सालाच्या आसपास संगणकांच्या तारखा बदलायला आपली माणसं तिथे गेली आणि त्यातली काही तिथलीच झाली. याच वॉर्डच्या सभागृहात २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला. त्यामुळे निशी-कासाईत डाळ-तांदळाचे हाल होत नाहीत. हाल होतात ते सकाळच्या तोझाई लाइनवर.

तोझाई ही टोकियोतल्या सर्वांत गच्च भरणाऱ्या मार्गांपैकी एक. डोंबिवलीकराला गर्दीची काय भीती, अशा थाटात मी पहिल्या दिवशी चढलो. गर्दी ओळखीचीच होती, शांतता नव्हती. दोनशे माणसं एकमेकांच्या फासळ्यांत कोपर खुपसून उभी आहेत आणि कुणाच्याही तोंडून चकार शब्द नाही. आपल्याकडे त्याच गर्दीत भजनी मंडळ असतं, चौथ्या सीटवरून वाद असतो, लेडीज डब्यात मेथी निवडली जाते, हळदीकुंकू होतं. पहिल्या महिन्यात मला टोकियोची शांतता म्हणजे संस्कृती वाटली. पाचव्या महिन्यात तीच शांतता थकव्यासारखी वाटायला लागली. रात्री शेवटच्या गाडीत सूट घातलेली माणसं उभ्या उभ्या झोपलेली दिसायची. अतिकामानं येणाऱ्या मृत्यूसाठी ज्या भाषेत ‘करोशी’ असा स्वतंत्र शब्द आहे, तिथल्या गाडीतल्या शांततेचं नुसतं कौतुक करून भागत नाही.

स्वच्छतेचंही तसंच. टोकियोच्या रस्त्यांवर कचरापेट्या जवळजवळ नसतात. १९९५ मध्ये भुयारी रेल्वेत सरीन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक जागांतल्या बऱ्याच पेट्या हटवल्या गेल्या. लोक कचरा खिशात घालून घरी नेतात. घरी तो जाळायचा, न जाळायचा, प्लॅस्टिक, बाटल्या असा वेगळा करायचा आणि ठरलेल्या वारी ठरलेल्या जागी ठेवायचा. दुसऱ्या आठवड्यात मी चुकीच्या दिवशी पिशवी ठेवली. संध्याकाळी ती तिथेच होती, वर एक स्टिकर लावलेला. कुणी दार वाजवलं नाही, कुणी ओरडलं नाही. त्या स्टिकरची मला आईच्या ओरडण्यापेक्षा जास्त लाज वाटली. शहर स्वच्छ असण्यामागे साफ करणाऱ्यांइतकीच घाण न करणाऱ्यांची रोजची मेहनत असते, हे तेव्हा शिकलो. आणि तिथे माणसाला माणूस फार क्वचित भेटतो, हेही.

म्हणून ‘परफेक्ट डेज’मधला एकटेपणा मला खोटा वाटत नाही. तो खरा आहे, पण सिनेमानं त्याला इस्त्री केली आहे.

घाण कुठे आहे?

हा सिनेमा कसा जन्मला हे माहीत असलेलं बरं. ‘द टोकियो टॉयलेट’ नावाच्या प्रकल्पात शिबुयामध्ये १७ सार्वजनिक शौचालयं नव्यानं बांधली गेली. तादाओ आंदो, शिगेरू बान, केंगो कुमा अशा नामवंत वास्तुविशारदांनी त्यांची रचना केली. शिगेरू बानचं शौचालय रंगीत पारदर्शक काचेचं आहे. कडी लावली की काच अपारदर्शक होते. प्रकल्पामागे युनिक्लो ब्रँडच्या मालक कुटुंबातले कोजी यानाई होते. या शौचालयांवर काहीतरी करा, असं निमंत्रण वेंडर्सना आलं आणि त्यातून पूर्ण सिनेमा झाला. हिरायामाच्या अंगावरचा निळा गणवेशसुद्धा नावाजलेल्या फॅशन डिझायनरनं केलेला आहे.

ही माहिती कळल्यावर सिनेमा जाहिरात ठरतो, असं मी म्हणणार नाही. वेंडर्सचं टोकियोवरचं प्रेम जुनं आहे. ओझूच्या शहराचा शोध घेत त्यानं १९८५ मध्ये ‘टोकियो-गा’ हा माहितीपट केला होता, आणि ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’तल्या कुटुंबाचं आडनावही हिरायामाच आहे. पण जाहिरातीचा एक संस्कार सिनेमात राहून गेला आहे. हिरायामा जी शौचालयं साफ करतो ती मुळातच जवळजवळ स्वच्छ असतात. शनिवारी रात्रीनंतर शिबुयातलं शौचालय कसं दिसतं, हे मी पाहिलं आहे. ते सिनेमात नाही. वास तर नाहीच. सफाईच्या कामातून घाण काढून टाकली की साधना तेवढी उरते.

दुसरं, हिरायामानं हे काम निवडलं आहे. त्याची बहीण ड्रायव्हर असलेल्या आलिशान गाडीतून येते तेव्हा आपल्याला कळतं की हा श्रीमंत घरातला आहे, वडिलांशी काहीतरी बिनसलं आहे. तू खरंच शौचालयं साफ करतोस का, असं ती विचारते. ती गेल्यावर हिरायामा रडतो. प्रसंग सुंदर आहे. पण या एका प्रसंगानं सिनेमाचा सगळा हिशोब बदलतो. त्याची गरिबी म्हणजे संन्यास आहे. संन्याशाकडे बघून आपल्याला प्रसन्न वाटतं, कारण त्याच्याकडे परत जायला वाट होती आणि तो गेला नाही. जपानमध्येही काही कामांना जन्मानं चिकटलेला कलंक होता. मेइजी सरकारनं १८७१ मध्ये बुराकू समाजावरचा भेद हुकमानं संपवला, तरी लग्न आणि नोकरीच्या वेळी तो पुढे कित्येक पिढ्या डोकं वर काढत राहिला. सिनेमा त्या वाटेला जात नाही.

मुंबईत बसून हा सिनेमा पाहणाऱ्याला मात्र ती वाट टाळता येत नाही. आपल्याकडे खराटा कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न स्वभावाचा नाही, जातीचा आहे. महापालिकेच्या कुठल्याही हजेरी चौकीवर सकाळी उभं राहा, कळेल. हातानं मैला साफ करायला लावण्यावर १९९३ मध्ये कायद्यानं बंदी आली, २०१३ मध्ये आणखी कडक कायदा झाला, आणि तरी गटारात गुदमरून माणसं मरत असतात. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये अशाच एका सफाई कामगाराच्या मृत्यूवरून खटला चालतो. त्याची बायको साक्षीला उभी राहते आणि गटारात उतरण्याआधी तो झुरळं दिसतायत का ते बघायचा, असं सपाट आवाजात सांगते. झुरळ जिवंत म्हणजे हवा आहे. ती सपाट साक्ष आणि हिरायामाचा आरसा, दोन्ही एकाच कामाची चित्रं आहेत. एकात काम नीट झालं का हे तपासायचं, दुसऱ्यात आपण जिवंत बाहेर येऊ का हे.

आईचा भांड्यांचा प्रश्नही इथेच येऊन मिळतो. हिरायामा बहुतेक बाहेर खातो. त्याच्यावर कुणाच्या जेवणाची जबाबदारी नाही, दुखण्याखुपण्याची नाही. “एकटा आहे म्हणून शांत आहे,” आई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “बाईला असं राहता आलं असतं का रे?” सिनेमात याचं अर्धवट उत्तर आहे. शेवटाकडे हिरायामाच्या पळपुट्या तरुण सहकाऱ्याच्या जागी एक बाई कामाला येते. चटपटीत, कामात वाकबगार. ती पडद्यावर काही क्षण असते. ती कुठे राहते, सकाळी कशानं उठते, घरी कोण वाट बघतं, आपल्याला काहीच कळत नाही. मला तिचा सिनेमा बघायचा आहे.

प्रभाची रात्र

तो सिनेमा काही अंशी पायल कपाडियानं मुंबईत केला आहे.

‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४ मध्ये कानचा ग्राँ प्री मिळाला. तीस वर्षांनी एखादा भारतीय सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत पोचला होता. प्रभा आणि अनू या दोघी मल्याळी नर्सेस मुंबईत एका खोलीत राहतात. प्रभाचा नवरा लग्नानंतर जर्मनीला गेला, हळूहळू फोन बंद झाले. अनूचं शियाज नावाच्या मुस्लिम मुलावर प्रेम आहे. त्याच रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती रत्नागिरीकडची. तिचा नवरा गिरणीत होता, तो वारला, आणि आता बिल्डर तिला घरातून काढतोय. पार्वती केली आहे छाया कदमनं. ‘फँड्री’, ‘सैराट’ पाहिलेल्यांना तिचं वेगळं कौतुक सांगायला नको. इथे तिची हिंदी मराठी वळणानं चालते आणि तिचा राग हसण्याच्या आडून येतो.

सिनेमा सुरू होतो तो रात्रीच्या बाजारावरून, रस्त्यांवरून फिरणाऱ्या कॅमेऱ्यानं आणि आवाजांनी. वेगवेगळ्या भाषांतली, नाव नसलेली माणसं या शहरात कशी आलो ते सांगतात. हिरायामाचं टोकियो जवळजवळ मुकं आहे. ही मुंबई थांबता थांबत नाही. प्रभावर जीव असलेल्या डॉक्टरला हिंदी जमत नाही म्हणून शहरात राहावं की नाही असा प्रश्न पडतो, आणि प्रभा त्याला शिकवते. पडद्यावर मल्याळम, हिंदी, मराठी एकमेकींना घासत जातात. मुंबईत राहणाऱ्याला हे ऐकताना सिनेमा बघतोय असं वाटतच नाही.

इथेही रूटीन आहे. ड्युटी, लोकल, स्वयंपाक, झोप. पण ते रूटीन कधीच पूर्ण होत नाही, मधेच कुणीतरी तोडतं. अनूला भाड्याचा वाटा देता येत नाही. पाऊस पडतो, गाड्या बंद पडतात, शियाजच्या घरचे बाहेर जायचे रद्द होतात आणि त्याच्याकडे जायला बुरखा घेऊन निघालेली अनू वाटेतच अडकते. या शहरात दोन माणसांना एकत्र यायला जागा मिळेल की नाही, हे हार्बर लाइनच्या रुळांवर किती पाणी आहे यावर ठरतं. प्रेमकथेत खलनायक म्हणून पाणी साचलेले रूळ मी पहिल्यांदा पाहिले आणि लगेच पटले.

एके दिवशी प्रभाच्या नावानं एक खोका येतो. आत जर्मनीत बनलेला लालभडक राइस कुकर. पाठवणाऱ्याचं नाव नाही, चिठ्ठी नाही. रात्री ती एकटी जमिनीवर बसून तो कुकर पोटाशी धरते. हा प्रसंग सुरू झाला तेव्हा थेटरात कुणीतरी हसलं, आणि अर्ध्या मिनिटात ते हसू थांबलं. आईनं माझ्याकडे न बघता सांगितलं, “आमच्या खोलीत सहा जणी होतो. एकीचा नवरा दुबईला होता. तो मिक्सर पाठवायचा. तिनं तो कधी खोक्यातून काढला नाही.”

आई लग्नाआधी चार वर्षं मुंबईत होती, हे मला माहीत होतं. खोलीत सहा जणी होत्या हे माहीत नव्हतं. मी एकोणतीस वर्षांचा आहे.

पाच मिनिटांचा कागद

दोन शहरांतला फरक मला शेवटी एका कागदात सापडला.

टोकियोत गाडीला पाच मिनिटं जरी उशीर झाला तरी रेल्वे तुम्हाला उशिराचा दाखला देते. छोटीशी चिठ्ठी, हल्ली वेबसाइटवरही मिळते. ती ऑफिसात दाखवायची, म्हणजे उशीर तुमच्या नावावर लागत नाही. मी अशी एक चिठ्ठी अजून पाकिटात जपून ठेवली आहे. गंमत म्हणून आणली होती. आता ती गंमत वाटत नाही. तुझी पाच मिनिटं गेली, ती आमच्यामुळे गेली, असं एक शहर लिहून देतंय.

पार्वती मुंबईत बावीस वर्षं राहिली आहे आणि तिच्याकडे कागद नाही. सगळे व्यवहार नवरा बघायचा. वकिलाकडे गेल्यावर कळतं की घर तिचं होतं हे दाखवणारं काहीच तिच्या हातात नाही. कागद नसेल तर आपण होतो की नव्हतो हेच कुणाला कळणार नाही, अशा अर्थाचं ती बोलते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. ज्या भागात गिरण्यांच्या भोंग्यावर घड्याळं लावली जायची, तिथल्या होर्डिंगवर आता श्रीमंतांसाठी राखीव स्वर्गाची जाहिरात असते. सिनेमात पार्वती आणि प्रभा रात्री अशाच एका होर्डिंगवर दगड भिरकावतात. मुंबईवरच्या सिनेमांतलं एवढं साधं आणि एवढं आनंदाचं बंड मी अलीकडे पाहिलेलं नाही.

हिरायामाचं घर जुनाट आहे, त्यात न्हाणीघर नाही. पण ते त्याच्याकडून कुणी काढून घेईल असं त्याला एकदाही वाटत नाही. त्याची शांतता त्या खात्रीवर उभी आहे. घर राहील, स्नानगृह उघडं असेल, पगार येईल, गाडी येईल. रूटीनमध्ये सौंदर्य दिसायला आधी रूटीन टिकावं लागतं. मुंबईत तेच टिकवण्यात बाईचा दिवस जातो. माझे ते चार दिवस का फसले, याचं उत्तर मला इथे मिळालं. मी हिरायामाची सवय उचलली होती, त्याच्या पायाखालची जमीन उचलता येत नव्हती.

अर्थात टोकियोची जमीनही सगळ्यांसाठी सारखी घट्ट नाही. परदेशी म्हटल्यावर घर नाकारल्याचा अनुभव निशी-कासाईतल्या निम्म्या मित्रांनी सांगितला असता. आणि आपण मुंबईत जात, आहार, धर्म विचारून घर नाकारतो. अनू आणि शियाजला हे वेगळं सांगावं लागत नाही.

उजेडाचं काय

दोन्ही सिनेमे उजेडाबद्दल आहेत. जपानीत ‘कोमोरेबी’ असा शब्द आहे, पानांमधून झिरपणारं ऊन. हिरायामा रोज त्याचे फोटो काढतो, त्याची स्वप्नंही तशीच काळी-पांढरी, सावल्यांची. कपाडियाच्या मुंबईत ऊन जवळजवळ नाही. रणबीर दासच्या कॅमेऱ्यानं पावसाळा, ताडपत्र्या, नर्सेसचे गणवेश आणि ट्यूबलाइट यांची मिळून एक निळी रात्र केली आहे. सिनेमाच्या उत्तरार्धात तिघी रत्नागिरीकडे पार्वतीच्या गावी जातात तेव्हा पडद्यावर एकदम ऊन येतं आणि आपले डोळे दिपतात.

माझी तक्रार आहे ती इथे. आमचं मूळ गाव चिपळूणजवळ. कोकण म्हणजे मोकळा श्वास, हे मुंबईच्या बाजूनं खरं आहे. गावाच्या बाजूनं बघितलं तर तिथे कुलूप लावलेली घरं आहेत आणि गणपतीला दहा दिवस उघडणाऱ्या खिडक्या आहेत. पार्वती ज्या कारणांनी कधीकाळी गाव सोडून आली असेल, ती कारणं समुद्राच्या गाजेनं संपत नाहीत. वेंडर्सनं शौचालयातली घाण जशी फ्रेमबाहेर ठेवली, तशी कपाडियानं गावातली चणचण थोडी बाहेर ठेवली आहे. फरक इतकाच की तिला हे माहीत आहे, असं शेवट सांगतो. समुद्रातून काढलेल्या माणसाला वाचवताना प्रभाला त्याच्यात नवरा दिसतो आणि ती त्याला नकार देते, ते स्वप्न आहे की खरं हे सिनेमा ठरवत नाही. रात्री समुद्रकाठच्या टपरीवर दिवे लागतात आणि सगळी एका टेबलाशी बसतात. उद्या काय, याचं आश्वासन कुणी देत नाही. ‘परफेक्ट डेज’चा शेवट एकट्या माणसाच्या चेहऱ्यावर आहे, गाडी चालवता चालवता हसणाऱ्या-रडणाऱ्या. इथला शेवट टेबलावर आहे. मला आता दुसरा शेवट जास्त जवळचा वाटतो.

तरी पहिल्या सिनेमाचं माझ्यावर एक ऋण आहे. त्यात एक छोटा प्रसंग येतो. शौचालयात हरवून रडणाऱ्या पोराचा हात धरून हिरायामा त्याला बाहेर आणतो. आई धावत येते, पोराचा तोच हात ओल्या टिश्यूनं पुसते आणि हिरायामाकडे न बघता निघून जाते. पोरगं तेवढं मागे वळून हात हलवतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्या बाईचा प्रचंड राग आला होता.

मी आधी ज्या ऑफिसात होतो तिथे आमच्या मजल्यावर हाउसकीपिंगला एक काका होते. तीन वर्षं ते रोज माझ्या डेस्कखालची कचऱ्याची टोपली रिकामी करायचे. मी हेडफोन न काढता खुर्ची थोडी मागे घ्यायचो. एका सोमवारी दुसराच माणूस आला. काँट्रॅक्ट बदललं, असं कुणीतरी म्हणालं. तेव्हा लक्षात आलं, त्यांची चौकशी करायला मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. पोराचा हात पुसणाऱ्या त्या बाईवर मी रागावलो होतो ते या सोमवारच्या आधी.

दोन्ही सिनेमे पाहून झाल्यावर आताच्या ऑफिसात मी पँट्रीजवळ फरशी पुसणाऱ्या माणसाला नाव विचारलं. बहुधा जरा जास्तच प्रेमानं विचारलं असेन. तो पुसायचा थांबला, सरळ उभा राहिला, नाव सांगितलं आणि लगेच विचारलं, “काय झालं साहेब? काही चुकलं का?”